रजिस्टर लिहिलं म्हणून प्रोग्रॅम पळत नाही

परीक्षा जवळ आली की सी भाषेतल्या ‘रजिस्टर’ या शब्दाचे तेच ते प्रश्न येतात. व्हेरिएबल मेमरीऐवजी प्रोसेसरच्या आतल्या जलद जागेत ठेव, अशी ही कंपायलरला सूचना. एकदाच उत्तरं देतो.

प्र. रजिस्टर लावलं की लूप दहापट पळतो, असं क्लासच्या नोट्समध्ये आहे. खरं का? (डिप्लोमा, सात रस्ता)

उ. नाही. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्याची सेटिंग, ओ-टू ठेवलं की रजिस्टरमध्ये काय ठेवायचं ते जीसीसी कंपायलर स्वतःच ठरवतो. ओ-झिरोवर, म्हणजे ती बंद असताना, फरक दिसतो. क्लासवाले डेमो तिथेच दाखवतात.

प्र. रजिस्टर व्हेरिएबलमध्ये इनपुट घेताना स्कॅनएफ एरर देतो. जुन्या टर्बो कंपायलरमध्ये मात्र चालतं! (जुळे सोलापूर)

उ. स्कॅनएफला व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता लागतो आणि सी-मध्ये रजिस्टर व्हेरिएबलचा पत्ता घेता येत नाही. टर्बोत फाइल सीपीपी नावाने सेव्ह केली असणार. सी प्लस प्लसमध्ये ते चालायचं. त्या भाषेतून हा शब्द 2017च्या स्टँडर्डने काढूनच टाकला. प्रॅक्टिकलला कुठला कंपायलर, ते सरांना आधी विचारा.

प्र. टॉवेलच्या मागावर पिक (आडवे धागे) मोजायला आर्डुइनो ऊनो बोर्ड लावलाय. ग्लोबल काउंट इंटरप्टमध्ये, म्हणजे सेन्सरचा सिग्नल आला की चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, वाढतो. ‘रजिस्टर कर’ असं कुणीतरी सांगितलं, तर एरर आली. काढलं, तर टार्गेट होईपर्यंत थांबणारा रिकामा व्हाइल लूप सुटतच नाही. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उ. ऐकीव सल्ल्यावर माग चालवू नका. ग्लोबलला रजिस्टर चालतच नाही, आणि तुम्हाला हवंय नेमकं उलटं. लूपमध्ये काउंट बदलताना कंपायलरला दिसत नाही, म्हणून तो किंमत एकदाच वाचतो आणि तीच तपासत बसतो. व्होलाटाइल लिहा, म्हणजे दर फेरीला मेमरीतून वाचेल.

एवढ्यावर थांबू नका. ऊनोचा प्रोसेसर 8 बिटी, इंट 16 बिटी. वाचन दोन हप्त्यांत होतं. काउंट 255 असताना खालचा बाइट वाचला, मध्येच इंटरप्ट येऊन 256 झाले, मग वरचा वाचला, की हातात येतात 511 (वरच्याचे 256, खालच्याचे 255). व्होलाटाइल हे थांबवत नाही. इंटरप्ट बंद करा, काउंटची कॉपी घ्या, लगेच चालू करा, तुलना कॉपीशी करा. इंटरप्ट बंद ठेवून प्रिंट करत बसू नका, पिक हुकतील.

सेन्सर एका पिकला दोन पल्स देतो का, हे पत्रावरून कळत नाही. या आकड्यावर कामगारांची मजुरी काढणार असाल, तर आधी बोर्ड आणि कोड एम्बेडेडवाल्याला मागाशेजारी उभं करून दाखवा. आजच.

प्र. रजिस्टर व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत? (बी.सी.ए.)

उ. गार्बेज, म्हणजे त्या जागी आधीचं जे काही पडलं असेल ते. ‘शून्य’ छापणारं गाइड रद्दीत द्या.