दुर्वांवर डल्ला मारणारी चिंगी

प्रश्न : गणपतीत जांभळी नाक्यावरून आणलेली दुर्वांची जुडी आमच्या चिंगीने तबकातूनच ओढली. निम्मी खाल्ली आणि तासाभराने सतरंजीवर ओकली. सासूबाई म्हणतात, पोट बिघडलं की मांजरं गवत खातात. खरं का? (नौपाडा)

उत्तर : दवाखाना सुरू केला तेव्हा मीही हेच सांगायचो. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरपालकांना विचारलं, तेव्हा २०१९ मध्ये वेगळंच चित्र पुढे आलं. ७१ टक्के मांजरांना किमान सहा वेळा तरी गवत खाताना पाहिलेलं होतं. कधीच न खाणारी जेमतेम ११ टक्के. बहुतेक मांजरं खाण्याआधी ठणठणीत होती, आणि नंतर नेहमी ओकणारी थोडीच.

मग खातात कशाला? पटण्याजोगा तर्क असा : जंगलातल्या पूर्वजांच्या पोटात जंत कायमचे. न चावता गिळलेल्या पात्यांमुळे आतड्यांची हालचाल वाढते आणि जंत बाहेर ढकलले जातात. चिंपांझीही पानं अशीच अख्खी गिळतात. चिंगीच्या पोटात आज जंत नसतील, पण खोड रक्तातली आहे. ओकारीत अख्खी पाती, फेस, थोडे केस दिसले तर पुसून टाका आणि विसरा. दिवसात तीन-चारदा ओकली, जेवण सोडलं किंवा रक्त दिसलं, तर मात्र डॉक्टर गाठा.

आणि बाजारच्या दुर्वा आधी धुवा. बाप्पासाठी धुताच, चिंगीसाठीही धुवा!

प्रश्न : चौदाव्या मजल्यावर गवत कुठून आणू? बोका मनी प्लांट कुरतडतो. (नेरूळ)

उत्तर : मनी प्लांट उंच टांगा. कच्च्या अळूने घसा खवखवतो ना, तसेच सुईसारखे स्फटिक त्यात असतात. तोंड झोंबतं, लाळ गळते. त्याऐवजी डब्यातले मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरा. आठवड्यात चार बोटं वाढतात. बियाण्याच्या दुकानातले नकोत, त्यांना औषध चोळलेलं असतं. पावसाळ्यात मुळाशी पांढरी बुरशी धरली की कुंडी रिकामी करा. सोसायटीच्या बागेतलं गवतही टाळा, तिथे फवारणी होते.

प्रश्न : वाढदिवसाच्या बुकेतली लिली मांजरीने चाटली. गवतासारखीच ना? (खारघर)

उत्तर : अजिबात नाही. बुकेतली मोठ्या पाकळ्यांची खरी लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी पुरतं. वरकरणी बरी दिसली तरी सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा, आणि फूल सोबत न्या.

प्रश्न : गवत खाल्ल्यापासून मांजर सारखी शिंकतेय, आवंढे गिळतेय. सर्दी असेल का? (वर्तकनगर)

उत्तर : पातं टाळूमागून नाकात शिरून अडकलं असावं. असं होतं. नाकातून टोक डोकावलं तरी घरी ओढू नका. पात्याची कड करवतीसारखी असते. भूल देऊन काढावं लागतं, आणि निघाल्यावर ते वीतभर लांब पाहून घरचेच थक्क होतात.