सही माझी, निर्णय त्यांचा : वाचकांचे चार प्रश्न

प्रश्न : मी एका ख्रिस्ती संस्थेचा खजिनदार आहे. एका कामासाठी आलेल्या देणग्या अध्यक्षांनी भलतीकडे वळवल्या आणि ठरावावर माझी सही घेतली. निर्णय त्यांचा होता, माझ्या खिशात एक पैसाही गेला नाही. तरी मन खातं. मी दोषी आहे का?

आहात. अध्यक्षांइतके नाही, पण आहात. मन खातंय ते उगाच नाही.

नाबोथाची गोष्ट (१ राजे २१) आपण राजा अहाब आणि राणी ईजबेल यांची म्हणून ऐकत आलो. ती पुन्हा वाचा आणि या वेळी इज्रेल नगराच्या वडीलमंडळींवर नजर ठेवा. राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, नाबोथ वाडवडिलांचं वतन सोडायला तयार नव्हता. ईजबेलीने अहाबाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा उमटवली आणि नगरातल्या वडिलांकडे धाडली : उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे बसवा, दोन खोटे साक्षीदार उभे करा, त्याला दगडमार करा. वडिलांनी पत्राबरहुकूम सगळं केलं. मग काम फत्ते झाल्याचा निरोप त्यांनी कुणाला पाठवला? पत्र राजाच्या नावाचं होतं, पण निरोप गेला ईजबेलीला. पत्रामागे कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या वडिलांपैकी कुणाला त्या मळ्यातला एक घडही मिळाल्याचं शास्त्रात नाही. पण त्यांनी मान हलवली नसती तर राणीच्या पत्राने एक दगडही उचलला गेला नसता. आणि हे सगळं उपासाच्या दिवशी घडलं, हे मला सर्वांत भयंकर वाटतं. अन्यायाला भक्तीचा वेश चढवला की प्रश्न विचारणाराच अधर्मी ठरतो.

याउलट १ शमुवेल २२ पाहा. शौल राजाने नोब इथल्या याजकांना मारण्याचा हुकूम सोडला, तेव्हा त्याच्याजवळच्या शिपायांनी हात उचलला नाही. शेवटी शौलाचा चाकर दवेग अदोमी याने ८५ याजक मारले. शिपायांच्या नकाराने याजक वाचले नाहीत, तरी शास्त्राने तो नकार नोंदवून ठेवला आहे.

आता करायचं काय? देणगीदारांचा पैसा वळवणं हा कायद्याचाही प्रश्न आहे, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्या. सही कोणत्या परिस्थितीत झाली ते कार्यकारिणीला लेखी कळवा आणि पत्राची पोच घ्या. लेखापरीक्षकांपासून काही लपवू नका. गुपचूप राजीनामा देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मग तसाच ठराव उद्या तुमच्या जागी येणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला जाईल.

प्रश्न : आमच्या पाळकांच्या मनमानीबद्दल काही बोललं की "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे वचन ऐकवलं जातं. याला उत्तर काय?

स्तोत्र १०५ पूर्ण वाचून दाखवा. ते वचन अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याविषयी आहे, आणि ते त्या काळचं वर्णन आहे जेव्हा ते संख्येने थोडे होते, परदेशी होते, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकत होते. तिथे देव धमकावतो आहे राजांना. दुबळ्यांच्या रक्षणाचं वचन उचलून बलवानाभोवती कुंपण घालणं हा शास्त्राचा गैरवापर आहे.

जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल गुहेत हाती सापडला तरी दाविदाने त्याच्यावर हात टाकला नाही, हे खरं. पण गुहेबाहेर येऊन त्याने सगळ्यांच्या देखत शौलाला जाब विचारला आणि त्याच्या दरबारी परत गेला नाही. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना नाथान संदेष्ट्याने त्याचं पाप दाखवून त्याच्या तोंडावर सांगितलं, "तो मनुष्य तूच आहेस."

प्रश्न : मंडळीतल्या एका ज्येष्ठ पुढाऱ्याने माझ्याशी लैंगिक गैरवर्तन केलं. मंडळीचे वडील (कारभारी) म्हणतात, मत्तय १८ प्रमाणे आधी त्यांना एकांतात भेट आणि क्षमा कर. शिवाय, दोन साक्षीदार आहेत का, असंही विचारतात.

ताई, यात तुमचा काहीही दोष नाही. आणि त्या माणसाला एकटीने भेटायला अजिबात जाऊ नका.

मत्तय १८:१५ मधला एकांत हा भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे आणि ज्याने ती वापरून इजा केली, त्याच्यापुढे पीडितेला पुन्हा एकटं उभं करावं असा त्याचा अर्थ काढता येत नाही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू एका बालकाला मधोमध उभं करतो आणि सांगतो की, लहानांपैकी एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं, हे त्याच्या हिताचं. हा अध्याय कुणाच्या बाजूचा आहे हे वडिलांनी तिथून वाचायला सुरुवात करून ठरवावं.

साक्षीदारांचं म्हणाल, तर अनुवाद २२:२५-२७ मध्ये रानात एकटी गाठलेल्या स्त्रीचं प्रकरण आहे. ती ओरडली, पण तिला सोडवायला कुणी नव्हतं, असं तिथलं नियमशास्त्र तिच्या बाजूने धरून चालतं. तिच्याकडे साक्षीदार मागत नाही. १ तीमथ्य ५ मध्ये वडिलांवरच्या आरोपासाठी दोन-तीन साक्षीदारांची अट आहे, पण लगेच पुढे पाप करणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष द्यावा आणि पक्षपात करू नये, असंही आहे. ही वचनं वगळून पहिलीच अट सांगणं अप्रामाणिकपणा आहे.

क्षमा तुमच्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे, तिची वेळ वडिलांनी ठरवायची नाही. क्षमा केली तरी तक्रार मागे घ्यावी लागत नाही. दाविदाला पापक्षमा मिळाली, परिणाम मात्र टळले नाहीत. विश्वासातल्या एका व्यक्तीला सोबत घेऊन पोलिसांकडे जा. मंडळीची अंतर्गत चौकशी हा त्याला पर्याय नाही. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतात मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षं एका पॅरिशमधून (स्थानिक मंडळीतून) दुसरीकडे हलवलं गेलं. २००२ साली ते उघड झालं आणि तिथले प्रमुख कार्डिनल लॉ यांना आर्चबिशपपद सोडावं लागलं. संस्थेचं नाव जपण्याच्या नादात आणखी किती मुलं त्या माणसांच्या हाती दिली गेली, हे तुमच्या वडीलमंडळींनी डोळ्यांसमोर आणावं.

प्रश्न : आमच्या संस्थेने पूर्वी काही लोकांवर अन्याय केला. तेव्हा आम्ही नव्हतो. मग पश्चात्ताप आम्ही का करायचा?

कारण संस्था, तिची मालमत्ता आणि तिचा मान तुम्ही वारशाने घेतला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७ च्या सिनडने (चर्चच्या सर्वोच्च सभेने) "काहींच्या दुर्बलतेमुळे" गौरेतर विश्वासणाऱ्यांसाठी वेगळी उपासना घेण्याची मुभा दिली. एवढीशी सवलत. १८८१ मध्ये त्यांचं वेगळं चर्च स्थापन झालं आणि पुढे वर्णभेदाच्या राजवटीला याच परंपरेतून धर्मशास्त्राचा आधार मिळत गेला. १९९० मध्ये रस्टेनबर्गच्या परिषदेत त्याच चर्चचे धर्मशास्त्रज्ञ विली योंकर यांनी स्वतःच्या वतीने आणि आपल्या चर्चच्या वतीनेही अपराध कबूल केला. १८५७ च्या त्या ठरावाच्या वेळी योंकर जन्मलेही नव्हते.

मात्र नुसत्या कबुलीनाम्यावर थांबू नका. जर्मनीच्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्टला नाझी राजवटीतला अपराध मान्य केला, पण त्या मजकुरात यहुद्यांचा नावाने उल्लेखच नव्हता. तुमच्या माफीत ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं नाव असू द्या. जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेलं चौपट परत करीन असं म्हटलं, आणि येशू त्याच्या घराच्या तारणाविषयी बोलला तो त्यानंतर. तेव्हा माफीचा मसुदा लिहायला बसण्याआधी अन्याय झालेल्यांच्या कुटुंबांकडे जा, काय गेलं ते त्यांच्याकडून ऐकून घ्या आणि परत देण्याजोगं काय आहे त्याची यादी त्यांनाच करू द्या.