फरार, फरारी, परागंदा: ‘मड’ चित्रपटाच्या परिचयासाठी नेमका शब्द कोणता?

प्रश्न असा आहे: जेफ निकोल्स यांच्या ‘मड’ (२०१२) या अमेरिकन चित्रपटाचा मराठीत परिचय लिहिताना ‘दोन मुलांच्या वयात येण्याची आणि एका फरारीशी झालेल्या मैत्रीची गोष्ट’ हे वाक्य बरोबर आहे का? ‘फरार’ आणि ‘फरारी’ यांत फरक काय? आणि ‘परागंदा’ जास्त मराठी वाटतो, तो वापरावा का?

आधी ‘फरार’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘पलायन’, म्हणजे तिकडे ते नाम. मराठीत मात्र ते विशेषण झालं: ‘आरोपी फरार आहे’, ‘तो फरार झाला’, ‘फरार आरोपी’. ‘फरारी’ दोन कामं करतो. एक, विशेषण किंवा नाम म्हणून पळालेला माणूस: ‘फरारी आरोपी’, ‘तो फरारी आहे’. दोन, पळून राहण्याची अवस्था: ‘फरारीच्या काळात तो कुठे होता?’ दोन्ही रूपं शुद्धच आहेत.

अडचण विभक्ती लागली की येते. ‘फरारीशी मैत्री’ म्हटलं की पळालेल्या माणसाशी मैत्री की पळून राहण्याशी, असा वाचक क्षणभर अडखळतो. ‘फरार्‍याशी’ हे व्याकरणात बसतं, पण सहसा कुणी बोलत नाही. म्हणून प्रत्यय या शब्दाला लावूच नका, पुढे एक साधं नाम ठेवा: ‘फरार माणसाशी’, ‘फरार आरोपीला’. वाक्य लगेच सरळ होतं.

‘परागंदा’ इथे नको. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला, पांगलेला. दुष्काळ, स्वारी, जुलूम यांमुळे रयत गाव सोडून गेली की ती परागंदा झाली असं म्हणतात. त्या शब्दात घरदार सुटल्याचं दुःख आहे, गुन्ह्याची छाया असेलच असं नाही. चित्रपटातल्या त्या फरार माणसाने, म्हणजे मडने, टेक्ससमध्ये एक माणूस मारला आहे आणि तो अर्कान्सामध्ये मिसिसिपी नदीतल्या बेटावर लपला आहे. त्याला परागंदा म्हटलं तर खुनाचा भाग पुसला जातो.

बाकीचे जवळचे शब्दही तपासून घेऊ. ‘पसार’ हा त्या क्षणाचा शब्द आहे: चोरटे दागिने हिसकावून पसार झाले. महिनोन्‌महिने लपून राहिलेल्याला तो लावत नाहीत. ‘बेपत्ता’मध्ये माणूस स्वतःहून गेला की त्याचं काही बरंवाईट झालं, हे कळत नाही. ‘भूमिगत’ला बेचाळीसच्या चळवळीपासून मान आहे, तो चळवळीसाठी लपणार्‍याचा. ‘तडीपार’ तर उलटाच: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली त्याला हद्दीबाहेर जायला सांगितलेलं असतं, तो पळालेला नसतो. ‘तुरुंगातून पळालेला कैदी’ असंही काही परिचयांत लिहून जातात. मड तुरुंगातून पळालेला नाही, तो पकडलाच गेलेला नाही. आणि ‘भगोडा’ हिंदीतून आलेला. २०१८च्या आर्थिक गुन्हेगारांच्या कायद्याच्या हिंदी नावात ‘भगोड़ा’ आहे, म्हणून तो बातम्यांतून मराठीतही शिरतो आहे. मराठीला ‘फरार’ असताना त्याची गरज नाही.

‘फरार’ला आपल्याकडे कायदेशीर वजनही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ८२), वॉरंट निघालेली व्यक्ती फरार झाली आहे किंवा वॉरंट बजावता येऊ नये म्हणून लपून राहिली आहे असं न्यायालयाला वाटलं, तर जाहीर उद्घोषणा काढून तिला हजर व्हायला सांगता येतं, त्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. पोलिसांच्या मराठीत ‘पाहिजे असलेला आरोपी’ आणि ‘फरारी आरोपी’ हे वेगळे धरतात. म्हणजे ‘फरार’ हा पाठलाग करणार्‍याच्या तोंडचा शब्द आहे.

या चित्रपटाच्या परिचयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. एलिस आणि नेकबोन ही चौदा वर्षांच्या आसपासची पोरं बेटावर जातात ती पुराने झाडावर नेऊन ठेवलेली बोट बघायला. तिथे त्यांना एक माणूस भेटतो. भुकेला आहे, खायला मागतो, पिस्तुलाच्या बदल्यात बोट मागतो. त्यांच्या लेखी तो ‘बेटावरचा माणूस’. पुढे एलिस आईबरोबर गाडीतून जात असताना नाकाबंदीत पोलीस फोटो दाखवतो, तेव्हा कुठे त्याला कळतं की हा माणूस पोलिसांना हवा आहे. परिचयाच्या पहिल्याच ओळीत ‘फरार खुनी’ लिहिलंत तर मुलांना जे हळूहळू कळतं ते वाचकाला आधीच कळेल. आधी ‘बेटावर लपून राहिलेला अनोळखी माणूस’ लिहा आणि नाकाबंदीच्या प्रसंगानंतर ‘फरार’ येऊ द्या.

‘मैत्री’ चूक नाही, पण चौदा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाबद्दल जे वाटतं त्याला मराठीत ‘लळा लागणे’ आहे. एलिसचे आईवडील विभक्त होण्याच्या बेतात आहेत, नदीवरचं तरंगतं घर जाणार आहे. त्याला मडचा लळा लागतो, हे नेमकं बसतं. नेकबोन जास्त व्यवहारी, त्याच्यासाठी ‘गट्टी’ पुरे. मुलं डबाबंद अन्न आणि बोटीसाठी सामान पोचवतात, त्याला ‘थारा देणे’ म्हणा. ‘आसरा देणे’ हा कायद्याचा शब्द आहे, आणि आपल्या कायद्यात त्यात निवार्‍याबरोबर अन्न, पाणी, पैसे, वाहन पुरवणंही येतं.

आता ‘वयात येणे’. हे मात्र बदलाच. मराठीत वयात येणं म्हणजे शरीराने वयात येणं, आणि तेही बहुधा मुलीबद्दल बोलताना. मुलाला मिसरूड फुटतं. ‘सज्ञान होणे’ म्हणजे कायद्याने अठरा पूर्ण. इथे घडतं ते वेगळंच: मोठी माणसं प्रेमाबद्दल जे बोलतात आणि जे करतात त्यांतलं अंतर एलिसला दिसायला लागतं. त्याला ‘जाणतं होणं’ किंवा ‘कळत्या वयात पाऊल टाकणं’ म्हणावं. चित्रपटप्रकाराचं नाव म्हणून ‘कुमारवयाचा चित्रपट’ चालेल.

दोन बारीक सूचना. ‘मड’ हे माणसाचं नाव आहे, भाषांतर करू नका; आणि पहिल्यांदा अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर घाईत ‘मडं’ वाचलं जातं. दुसरं, एलिसला चावतो तो कॉटनमाउथ साप पाण्यात राहतो म्हणून त्याला ‘पाणदिवड’ किंवा ‘विरोळा’ लिहू नका. आपला विरोळा बिनविषारी. कॉटनमाउथ घोणसकुळातला, जहाल विषारी. मड त्या मुलाला घेऊन जिवाच्या आकांताने का धावतो, लपणं सोडून लोकांत का येतो, हे बिनविषारी सापाच्या नावाने समजणारच नाही.

तुमचं वाक्य असं करता येईल: ‘नदीकाठच्या दोन मुलांना बेटावर लपलेल्या एका अनोळखी माणसाचा लळा लागतो, तो खुनाच्या गुन्ह्यात फरार असल्याचं कळल्यावरही ती त्याला थारा देतात आणि त्यातून जाणती होत जातात.’