सरकारच्या अधीन राहायचं, तर ग्रामसभेत विरोध करायचा की नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: सिंधुदुर्गातल्या तुमच्या गावाजवळ प्रकल्प येतोय, जमिनीच्या नोटिसा निघाल्यात, ग्रामसभा लागली आहे. मंडळीतले, म्हणजे तुमच्या चर्चमधले, वडीलधारे बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय काढून सांगतात, की ख्रिस्ती माणसानं अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं, विरोधाला जाऊ नये. मी गेले तर देवाची आज्ञा मोडली असं होईल का, असं तुम्ही विचारता.

जा. सभा जवळ आली आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आधी सांगतो. कारणं आता सावकाश वाचा.

मी वसईचा, कॅथलिक. 32 वर्षं शाळेत इतिहास शिकवला, सुट्टीत केळीची वाडी केली. तुम्ही पाळक म्हणता, आम्ही फादर म्हणतो, पण हा अध्याय तुमच्याकडे जसा पुढे केला जातो तसाच आमच्याकडेही केला जातो. बहुतेक वेळा सुरुवातीची दोनच वचनं वाचतात आणि पुस्तक मिटतात.

तुम्ही तो बाराव्या अध्यायाला जोडून वाचा. अध्यायांचे आकडे हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकातले. बाराव्याच्या शेवटी तो सांगतो, सूड घेऊ नका, वाइटाला बऱ्यानं जिंका, आणि त्याच ओघात अधिकाऱ्यांकडे वळतो. पत्र साधारण इ.स. 57 चं, रोमच्या गादीवर नीरो बादशहा. त्याच्या काही वर्षं आधी क्लौद्य बादशहानं यहुद्यांना रोममधून हाकललं होतं. पौलाचे सोबती अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं त्यातलंच. अशा शहरातल्या मूठभर लोकांना पौल सांगतोय की हात उगारू नका, कर बुडवू नका, ज्याचं देणं आहे त्याला ते द्या. मूळ ग्रीकमध्ये त्यानं ‘आज्ञा पाळा’ यासाठीचा नेहमीचा शब्द वापरलेला नाही. त्याचा शब्द व्यवस्थेत आपल्या जागी राहण्याचा आहे. आणि चौथ्या वचनात अधिकाऱ्याला तो देवाचा सेवक म्हणतो, तुझ्या हितासाठी नेमलेला. सेवकाला मालक असतो आणि त्याला नेमून दिलेलं काम असतं. ते काम होतंय का, हे विचारणं म्हणजे बंड कसं होईल?

आता तोच पौल फिलिप्पै शहरात काय करतो ते बघा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता भर चौकात छड्यांनी मारलं, खोड्यात पाय अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांचे शिपाई निरोप घेऊन आले, यांना सोडून द्या. बंदिशाळेचा नायक तर त्या रात्रीच विश्वासात आलेला. तोही म्हणाला, आता शांतीनं जा. दुसरा कुणी असता तर मागच्या दारानं निघून गेला असता. पौल हलला नाही. आम्ही रोमन नागरिक, आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? ते जमणार नाही, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकारी आले, विनवण्या केल्या, बाहेर घेऊन गेले. हा सोळावा अध्याय मी किती वर्गांत, किती मुलांना सांगितला असेल, अजून वाचताना ताठ बसतो. त्यानं कायदा मोडला नाही, कुणाला शिवी दिली नाही, त्यांच्याच कायद्यातलं आपलं कलम त्यांच्यासमोर ठेवलं. गावात लुदिया नावाच्या विश्वासी बाईच्या घरी नुकतीच उभी राहिलेली मंडळी होती. तिच्यावर उद्या तोच प्रसंग येऊ नये, ही काळजी त्यामागे असावी असं मला वाटतं. पुढे याच माणसानं कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, अपील केलं.

पौलाला मतदानाचा हक्क नव्हता, ग्रामसभा नव्हती. तुम्हाला दोन्ही आहे. 1992 च्या 73व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभा राज्यघटनेत आली. नव्या भूसंपादन कायद्याखाली, म्हणजे 2013 च्या, प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून 60 दिवसांत हरकत घेता येते. पर्यावरणाची जनसुनावणी लागणार असेल तर तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. या खुर्च्या शासनानंच तुमच्यासाठी मांडून ठेवल्या आहेत. सभेत बसून ‘माझी हरकत आहे’ म्हणणारी बाई शासनाच्या अधीनच असते. घरी बसणारी अधीन असेलच असं नाही. ती नुसती गप्प असते.

आमच्याकडे हे आम्ही जगून बघितलं आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईत बांधकामं वाढली आणि टँकर आमच्या विहिरींचं पाणी उपसून नेऊ लागले. बावखलं बुजवली गेली (बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आमची केळी आणि पानवेली त्यावरच जगल्या). फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. पुढे हेच फादर उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मोर्चात हिंदू, ख्रिस्ती एका रांगेत चालायचे, बायका पुढे. तेव्हाही ‘धर्मगुरूनं आणि चर्चला जाणाऱ्यांनी यात पडू नये’ असं म्हणणारे होतेच, आणि त्यांच्या हातात हाच तेरावा अध्याय असायचा. मला आठवतं ते असं, की मोर्चा संपला की आम्ही रस्त्यावरचे कागद उचलायचो आणि बंदोबस्ताच्या पोलिसांना पाणी द्यायचो. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

हा अध्याय तोंड बंद करायला वापरण्याची किंमत जर्मनीनं मोजली आहे. हिटलर आल्यावर तिथल्या पुष्कळ प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी याच वचनांचा आधार घेतला. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी 1934 साली बार्मेनला जाहीरनामा काढला, की चर्चचा प्रभू एकच आहे. त्याच बाजूच्या दीट्रिख बोनहोफर या पाळकाला 9 एप्रिल 1945 ला फाशी दिलं. आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर काका बॅप्टिस्टा. माझगावचे कॅथलिक बॅरिस्टर, टिळकांचे सहकारी, 1916 साली होमरूल लीगचे अध्यक्ष, 1925 साली मुंबईचे महापौर. राज्य करणारे इंग्रज ख्रिस्तीच होते, तरी काकांनी त्यांची सत्ता देवाची मानली नाही. आमच्या पूर्वजांनी तर 1739 च्या आधी पोर्तुगिजांना, नंतर पेशव्यांना, मग इंग्रजांना सारा भरला. किल्ल्यावरचं निशाण बदलत गेलं, वाडीतली माणसं तीच राहिली.

आता यातली अवघड बाजू. तीही लिहितो, नाहीतर उत्तर खोटं पडेल.

वडील गेल्यावर आम्हा भावांना जमिनीची एक पट्टी विकावी लागली. एजंट म्हणाला, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी भावानं कागद करू, वरचे रोख घ्या, सगळे असंच करतात. सगळे खरंच तसं करत होते, आमच्याबरोबर मोर्च्यात चालणारेसुद्धा. मी सही करायला नकार दिला. व्यवहार दोन वर्षं रखडला, शेवटी भाव कमी मिळाला, आणि धाकटा भाऊ बरेच दिवस माझ्या घरी जेवायला आला नाही. त्याच्या मुलीची फी तेव्हा थकली होती. तो रागावला ते मला कळत होतं. पण तेराव्या अध्यायाच्या सातव्या वचनात कराचा शब्द आहे आणि तो मला ओलांडता येईना. आपण नेमकं उलटं करतो. जिथं कायदा पाळायचा तिथं तो रोखीत चुकवतो, आणि जिथं बोलायचं तिथं एकदम ‘अधीन’ होतो. सभेला जाल तेव्हा तुमच्या घराची घरपट्टी भरलेली असू द्या. ते मी कुणाला दाखवायला म्हणत नाही. स्वतःला उभं राहता यावं म्हणून म्हणतो.

आणि कायदाच देवाविरुद्ध गेला तर? तसा प्रसंग तुमच्यावर आलेला नाही, म्हणून थोडक्यात. शिफ्रा आणि पुवा या सुइणींनी मिसरचा राजा फारो याचं न ऐकता बाळं जगवली. प्रेषित यहुद्यांच्या धर्मसभेसमोर म्हणाले, माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, आणि फटके खाऊन पुन्हा शिकवायला गेले. दानिएलानं खिडक्या उघड्या ठेवून प्रार्थना केली, सिंहांच्या गुहेतूनही राजाला चिरायू व्हा असंच म्हणाला. या सगळ्यांत कुणी राजावर दगड मारलेला नाही आणि शिक्षा चुकवायला पळालेलंही नाही. तुमच्या गावात उद्या कुणी गाडी जाळायची भाषा केली, तर तिथून उठून या. प्रकल्प कितीही वाईट असला तरी.

प्रकल्प चांगला की वाईट, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि ते तुमच्या पाळकांनीही व्यासपीठावरून सांगू नये असं मला वाटतं. कागद तुम्ही वाचा. पटला तर सभेत पाठिंबा द्या, तोही तितकाच तुमचा हक्क आहे. मतदानाचंही तसंच. मी कितीतरी निवडणुकांत केंद्रावर ड्युटी केली. रांगेत काठी टेकत आलेली म्हातारी माणसं पाहिली, आणि ‘सगळे सारखेच’ म्हणून घरी राहिलेले आमचे तरुणही मला नावानिशी माहीत होते.

वडीलधाऱ्यांशी भांडू नका. त्यांच्या भीतीला कारण असतं. आपण थोडे आहोत, उद्या आपल्यालाच बोट दाखवतील, हे त्यांनी आयुष्यभर मनात बाळगलंय. त्यांना एवढंच विनवा, की रविवारी उपासनेत सरपंचांसाठी, तलाठ्यांसाठी, जिल्हाधिकाऱ्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, ती सांगितलेलीच आहे. आमच्याकडे 15 ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा होते आणि मग चर्चच्या आवारात झेंडावंदन. त्या दिवशी ही प्रार्थना मोठ्यानं म्हटली जाते.

हरकत मात्र लेखी द्या. स्वतःच्या शब्दांत, सातबाऱ्याचा गट नंबर घालून, दोन प्रतींत. सभेत बोललात तर ते इतिवृत्तात आलंय का हे नंतर वाचून बघा. आणि कचेरीत अर्ज देताना ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडेपर्यंत खिडकीपासून हलू नका.