वाहन-शंका : गाडी जुनी, चालक नवा

शाळा-कॉलेज संपवून नुकतं लायसन्स काढलेल्या किंवा काढणाऱ्या मुलामुलींसाठी जुनी गाडी घेतलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुलाला नुकतीच १८ वर्षं पूर्ण झाली. त्याच्यासाठी २००९ ची पेट्रोल वॅगनआर घेतली, ८४,००० किलोमीटर झालेली. गॅरेजवाल्यांनी डेंटिंग-पेंटिंगपासून सस्पेन्शनपर्यंत हातभर यादी दिली आहे. सगळं एकदम झेपणार नाही. आधी काय करावं? (एक पालक, सातारा)

उत्तर : डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमवर आधी काट मारा. नव्या चालकाकडून बंपर घासला जाणारच आहे. वर्षभराने एकदाच रंगवा. उरलेल्या यादीत गाडी थांबवणारं, वळवणारं आणि समोरचं दाखवणारं काम पहिलं. इंजिनाची ताकद, मायलेज वगैरे मागून.

सुरुवात टायरपासून. टायरच्या बाजूला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. '२३१६' असेल तर तो टायर २०१६ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. जुन्या, कमी चाललेल्या गाडीत नेमका हाच घोटाळा होतो: नक्षी शाबूत दिसते, पण रबर वाळून कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते पकड धरत नाही. सहा वर्षं उलटली असतील आणि बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी कितीही असो, बदला. खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. पावसाळ्यात आम्ही तोवर थांबणार नाही, ३ मिलिमीटरलाच बदलू. तुमच्या गाडीला बहुधा एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाते. एबीएस असताना जे इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतं ते इथे टायर आणि चालकाचा पाय यांनाच सांभाळायचं असतं.

मग ब्रेक. पुढची चाकं काढायला लावून डिस्क पॅडचं अस्तर पाहा. ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बदला. मागचे ड्रम उघडल्याशिवाय 'लायनर (ड्रममधलं ब्रेकचं अस्तर) ठीक आहेत' असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. ड्रमच्या आत व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा. खाली ओल असेल तर ब्रेक ऑइल गळून लायनरवर चाललंय, आणि ते लायनर पुसून वापरता येत नाहीत.

व्हॅक्यूम बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणाऱ्या भागाची, परीक्षा घरीच होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. तसाच पाय दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चांगला. जागचं हललं नाही, तर व्हॅक्यूमची नळी किंवा बूस्टर तपासावा लागेल.

स्टिअरिंगसाठी पुढचं एक चाक जॅकवर उचला. मागच्या चाकांना उटी लावा आणि गाडीखाली हात घालू नका. चाकाचं घड्याळ समजून तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. खटखट झाली तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगच्या सांध्यात खेळ आहे. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. इथे खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. यातलं काहीही 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणून सोडायचं नाही. स्पीडब्रेकरवर सस्पेन्शन बुशचा नुसता कुईकुई आवाज येत असेल, तर मात्र थोडं थांबता येईल.

चौथं काम दिसत नाही म्हणून राहतं: टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा. तुमच्या गाडीत १०६१ सीसीचं इंजिन असेल तर त्यात बेल्ट आहे. नंतर आलेल्या ९९८ सीसीच्या 'के' मालिकेतल्या इंजिनात चेन आहे. बेल्ट कधी बदलला याचं बिल आधीच्या मालकाकडे नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवा टाका. हा बेल्ट तुटण्याआधी सहसा इशारा देत नाही. महामार्गावर इंजिन जागच्या जागी बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, आणि नवखा चालक नेमका तिथे गडबडतो.

जाता जाता: २००९ च्या गाडीच्या नोंदणीची पहिली १५ वर्षं संपली आहेत. नूतनीकरण झालं आहे का, ते आरसीवर आजच पाहा.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीहून बेळगावला जातो. परतताना आंबोली घाट उतरताना ब्रेक पेडल मऊ पडलं, जवळजवळ तळाला गेलं. खाली अर्धा तास थांबलो तर पुन्हा व्यवस्थित. गॅरेजमध्ये सगळं ठीक म्हणतात. आता मुलगी हीच गाडी चालवणार आहे. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : गॅरेजमध्ये ठीकच दिसणार, कारण तिथे ब्रेक थंड आहेत. तुम्ही लिहिलेली लक्षणं जुन्या ब्रेक ऑइलची आहेत.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोकणात हवा दमट, म्हणून जास्तच. डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला की कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. तुमचा पाय ती वाफ दाबत बसतो, पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल पूर्वीसारखं लागतं.

नुसतं वरून ऑइल घालून हे सुटत नाही. जुनं सगळं बाहेर काढावं लागतं. अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या घ्या. डॉट ३ की डॉट ४, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. गॅरेजात उघडी पडलेली अर्धी बाटली नको, ती आधीच पाणी प्यायलेली असते. चारही चाकांच्या निपलला (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून ऑइल काढायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचा, ऑइल येऊ द्यायचं, निपल आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचं. आधी पेडल सोडलं तर हवा आत ओढली जाते. नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल जाऊन स्वच्छ पिवळसर यायला लागलं आणि बुडबुडे थांबले की पुढचं चाक. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या. मधेच टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उचलतो. त्यानंतर दर दोन वर्षांनी हेच.

शिवाय चाकांना मोकळं फिरू दिलं जातंय का, तेही पाहा. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या असतील तर पॅड कायम डिस्कला घासत राहतो. दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर एखादी रिम बाकीच्यांपेक्षा फार तापलेली जाणवली, तर दोष तिथे आहे. हात जवळ न्या, टेकवू नका.

पेडलच्या बाकी तक्रारी वेगळ्या ओळखायच्या. पाय स्थिर ठेवूनही पेडल सावकाश खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलला देणारा भाग) वॉशर गेलं. पेडल कडक, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तर पॅड किंवा लायनर तापले.

मुलीला एक सवय लावा: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, बहुतेक दुसऱ्या. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून वेग कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर उतरणारे अजून भेटतात. अलीकडच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ते तसंही वाचत नाही. गिअरमध्ये उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं.

प्रश्न : दोनच नवे टायर घ्यायचे आहेत. इंजिन पुढे, चाकं पुढची फिरतात, म्हणजे नवे पुढेच ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मागे. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, अॅक्सिलरेटर सोडल्यावर बहुधा पकड परत येते. मागचे घसरले तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणं मुरलेल्या चालकालाही जड जातं. पुढे टाकायचे टायर मात्र ३ मिलिमीटरच्या वर हवेत. हवा गाडी थंड असताना भरा. आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पुस्तकात असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी भरू नका.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे. सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर, पहाटे, मी शेजारी बसून शिकवलं तर चालेल का? (एक आई, ठाणे)

उत्तर : नाही. १६ व्या वर्षी मिळतो तो परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. मोटारीचं शिकाऊ लायसन्ससुद्धा १८ पूर्ण झाल्यावरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पहाट आहे, आई शेजारी आहे, याने काही फरक पडत नाही.

हे वर्ष वाया मात्र घालवू नका. गाडी उभी असताना शिकण्यासारखं खूप आहे. दर रविवारी तिने चार टायरची आणि स्टेपनीची हवा मोजावी (स्टेपनी कायम विसरली जाते), सपाट जागी गाडी थंड असताना डिपस्टिक पुसून इंजिन ऑइल पाहावं, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी टाकीबाहेरूनच खुणांमध्ये आहे का ते बघावं. ब्रेक ऑइल भराभर उतरत असेल तर त्यात भर घालून विषय संपवायचा नाही, गळती शोधायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही.

स्टेपनी बदलायलाही शिकवा, तीन-चारदा. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट आधी जमिनीवरच अर्धा वळसा सैल करायचे. चाक हवेत असताना जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. जॅक दाराखालच्या पत्र्यातल्या दोन खाचांच्या मधे, इतरत्र लावला तर पत्रा वाकतो. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवायचं. जॅक निसटलाच तर गाडी त्यावर बसते. नटची निमुळती बाजू रिमकडे. समोरासमोरचे नट हाताने बसवायचे, मग गाडी खाली घेऊन पान्याने आवळायचे. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून पाहायचे. जुन्या गाडीत नट इतके गंजलेले असतात की पाना फिरतच नाही. हे घरी कळलेलं बरं, एक्स्प्रेसवेच्या कडेला नव्हे.

प्रश्न : मुलगा शिकायला लागल्यापासून क्लचचा जळका वास येतो. महिन्याभरात प्लेट गेली म्हणायची का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वासावरून नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मागे राहिला, तर प्लेट घसरतेय. तसं नसेल तर चालू द्या, शिकताना थोडी झिजणारच. मुलाला चढावर गाडी क्लचवर धरून ठेवायची सवय लागू देऊ नका. हँडब्रेकवर थांबून निघायला शिकवा. हँडब्रेक पाच ते सात खटक्यांत गाडी धरत नसेल तर आधी तो नीट करा, नाहीतर बिचाऱ्याला क्लचवर धरण्यावाचून इलाज नाही. पेडल केबलवर चालत असेल तर केबलचं टोक पाहा. एखादी तार उसवलेली दिसली की आताच बदला. प्लेट बदलायची वेळ आलीच, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबत टाका. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा द्यायला नको.

प्रश्न : हेडलाइट अंधुक झालेत. इलेक्ट्रिशियन १०० वॅटचे बल्ब टाका म्हणतो. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नका टाकू. एच ४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, आणि जुन्या गाडीची वायर-होल्डर तेवढ्याच भाराला पुरतात. १०० वॅटने होल्डर वितळतो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि नियमातही बसत नाही. दोष बहुधा पिवळट पडलेल्या प्लास्टिकच्या काचेचा आहे. भोवतीच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा, ८००, १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने याच क्रमाने भरपूर पाणी घेत घासा, मग पॉलिश करून अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारा. कोट न मारता सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. तरीही उजेड कमी वाटला तर इंजिन चालू ठेवून होल्डरपाशी व्होल्ट मोजा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ आणि होल्डरवर १२ च्या खाली असेल, तर अर्थिंग गंजलंय किंवा स्विचमध्ये गळती आहे. रिले (दिव्यांना बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) बसवून घ्या.

प्रश्न : गाडी माझ्या नावावर, चालवणार मुलगा. विम्यात काही बदल लागतो का? (एक पालक, पुणे)

उत्तर : वैध लायसन्स असलेला कोणीही चालवू शकतो, शिकाऊसुद्धा, पण शिकाऊने नियम पाळलेले हवेत. म्हणजे पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', आणि शेजारी लायसन्सधारक. यात कसूर झाली तर दावा अडतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकासाठी, म्हणजे तुमच्यासाठी आहे. गाडी चालवणारा मुलगा त्यात येत नाही. त्याच्यासाठी वेगळं संरक्षण मागून घ्या. आणि गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवी. टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट कधी झाली, ते टाकीवरच्या पट्टीवर वाचा.