बारा माणसं, एकच वाईन?

सुट्टीत बारा जण जमणार, वाईनची आवड फक्त तुम्हा दोघांना, बाकीच्यांना ती आंबट नाहीतर तुरट लागते. तरी सगळ्यांना आवडेल अशी एक बाटली सुचवा, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर एक नको, तीन आणा. आणि तिन्ही एकमेकींपासून लांबच्या.

काही वर्षांपूर्वी अशीच माणसं जमलेल्या एका घरी मी माझ्या सगळ्यात आवडीची रेड वाईन, बारोलो, नेली होती. इटलीतल्या पिएमाँटची, नेबिओलो द्राक्षाची. दोन घोटांनंतर सगळ्यांचे ग्लास तसेच राहिले. वाईन उत्तम होती, पण नेबिओलोत टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर असतं आणि सवय नसलेल्याचं तोंड त्याने आवळून येतं. मग उघडली मोस्कातो दास्ती. तीही पिएमाँटचीच, पण गोड, हलक्या बुडबुड्यांची, अल्कोहोल जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. वाईनला कधी हात न लावणाऱ्या मावशीने ती पुन्हा मागून घेतली. आपल्याला काय आवडतं ते दाखवायला बाटली न्यायची नाही, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून पहिली मोस्कातो. दुसरी जर्मनीतल्या मोझेलची रीसलिंग ही व्हाइट वाईन, लेबलवर 'काबिनेट' लिहिलेली. तिच्यात बहुधा थोडा गोडवा असतो, त्यामुळे आंबटपणा बोचत नाही. 'ट्रोकन' लिहिलेली मात्र कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली असते, ती सध्या नको. तिसरी बोजोले, फ्रान्समधल्या त्याच नावाच्या भागातली रेड, गामे द्राक्षाची. या द्राक्षावर माझा फार जीव आहे. फ्रान्समधल्या बरगंडीच्या ड्यूक फिलिपने १३९५ मध्ये ते आपल्या मुलखातून उपटून टाकायचं फर्मान काढलं होतं. दक्षिणेला बोजोलेत ते टिकलं. टॅनिन कमी, फळांची चव भरपूर, त्यामुळे 'रेड म्हणजे तुरट' म्हणणाऱ्यांना मी हीच देतो. देण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. रेड थंड करायची नसते हे गामेला लागू नाही.

फेसाळ वाईन घेणार असाल तर एक सांभाळा: लेबलवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली ही 'ब्रूट' लिहिलेलीपेक्षा गोड असते. नावावरून उलटंच वाटतं.

आता वाढायचं कसं. बाटल्या कागदात गुंडाळा. फ्रान्समधल्या बोर्दोतला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. व्हाइट वाईनला बिनचवीचा लाल रंग दिला, तर वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. शिकणाऱ्यांना डोळे फसवतात, तर नवख्या माणसावर लेबलचं आणि किमतीचं दडपण येणारच. प्रत्येकाला ६० मिली ओता. ७५० मिलीची बाटली बाराजणांना पुरते. आधी रीसलिंग, मग बोजोले, मोस्कातो शेवटी, कारण भरपूर गोडानंतर बाकी सगळं आंबटच लागतं.

आणि कुणाला 'कसला वास येतोय' असं विचारू नका, माणसं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होतात. 'यातली पुन्हा कोणती घ्याल?' एवढंच विचारा. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस त्याच ग्लासांत ठेवा, आग्रह अजिबात नको.

कागद काढायच्या आधी कुणी कोणती निवडली ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी ज्याला बोजोले आवडली त्याच्यासाठी पिनो न्वार ही रेड आणा. रीसलिंगवाल्यांना शेनाँ ब्लाँ ही व्हाइट देऊन बघा.