एमआरआय स्थिर आहे, मग चालणे का बिघडते?

मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाला दाहामुळे इजा होणारा आजार) असलेल्या एक बाई पतीसह समुपदेशनासाठी आल्या होत्या. मेंदूच्या ताज्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'नवे डाग नाहीत', म्हणजे अशी इजा झालेल्या नव्या जागा नाहीत, असे लिहिलेले होते आणि पतींनी त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून आणली होती. बाईंच्या उजव्या चपलेचा पुढचा भाग मात्र डाव्या चपलेपेक्षा कितीतरी जास्त झिजलेला होता, कारण चालताना तो पाय घासत होता. "रिपोर्ट इतका चांगला आहे, मग हे मनाचं तर नाही ना?" पतींनी विचारले. हाच प्रश्न अनेक घरांत रुग्णाच्या पाठीमागे विचारला जातो. त्यांनी तो समोर विचारला, हे मला बरे वाटले.

मी त्यांना सांगितले की मेंदूतील डागांची संख्या आणि अपंगत्व यांचा संबंध असतो, पण तो बराच सैल असतो. डाग किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत, याला अनेकदा अधिक महत्त्व असते. मज्जारज्जू जेमतेम बोटाएवढा जाड असून पायांकडे जाणारे सगळे चेतातंतू त्यातूनच जातात. तिथला लहानसा डागही चालणे बिघडवू शकतो आणि केवळ मेंदूचा एमआरआय केला तर तो दिसतच नाही. मेंदूच्या बाह्यस्तरातील बरेच डागही नेहमीच्या तपासणीत निसटतात. शिवाय नवा डाग न पडताही चेतातंतूंची हळूहळू झीज होऊ शकते. उलट अनेक डाग असूनही काही जण व्यवस्थित चालतात, कारण मेंदू काही कामे दुसऱ्या मार्गांनी भागवून नेतो.

अपंगत्व मोजण्याची प्रचलित पद्धत म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली ० ते १० अंकांची ईडीएसएस (एक्स्पांडेड डिसॅबिलिटी स्टेटस स्केल) श्रेणी; अंक जितका मोठा, तितके अपंगत्व जास्त. तिचे ४ च्या पुढचे अंक मुख्यतः चालण्यावर ठरतात, त्यामुळे बाईंना दुपारनंतर येणारा प्रचंड थकवा तिच्यात फारसा उमटत नाही. थकव्यालाच 'आळस' म्हटले जाते, हे मी पतींकडे पाहूनच बोलले.

म्हणून तो रिपोर्ट निरुपयोगी ठरतो का? मुळीच नाही. नवे डाग नसणे म्हणजे नवा दाह आटोक्यात असल्याची चांगली खूण आहे, आणि पाय सुधारत नाही म्हणून औषध परस्पर बंद करण्याचा जो विचार बाईंच्या मनात घोळत होता, तो मला सर्वांत धोक्याचा वाटला.

किती अंतरानंतर पाय घासू लागतो आणि उकाड्यात काय फरक पडतो, याची नोंद ठेवून ती न्यूरॉलॉजिस्टना दाखवायचे ठरले. ती पाहून त्यांनी २५ फूट चालण्याचा वेळ मोजला, मज्जारज्जूचा एमआरआय करायला सांगितला आणि फिजिओथेरपी सुरू करून दिली. नोंदवही पुढेही चालू राहिली. आता ती पती लिहितात.